काळ राखणारा पट्टा, तेल राखणारे कडे

ज्यांनी नाशिकचे रामकुंड पाहिले आहे, त्यांना उज्जयिनीचा रामघाट परका वाटत नाही. दोन्ही ठिकाणी सिंहस्थ भरतो. क्षिप्रेच्या काठी तो 2016 साली भरला होता. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी मध्यरेखा कल्पिली ती उज्जयिनीवरूनच. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली आणि 1923 साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. कालगणनेच्या या नगरीत मोटारीने येणाऱ्या यात्रेकरूच्या इंजिनातही एक कालगणना अखंड चालू असते. आज तिचा इतिहास पाहावयाचा आहे.

इंजिनाचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो, तेव्हा झडपा उघडणारा कॅमशाफ्ट एक फेरा घेतो. हे प्रमाण यत्किंचितही ढळता कामा नये. पूर्वी हे काम दातेरी चक्रे किंवा लोखंडी साखळी करी. 1962 साली जर्मनीत ग्लास 1004 ही मोटार बाजारात आली. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटारींत साखळीऐवजी रबराचा दातेरी पट्टा प्रथम आला तो हिच्यात. तो हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा होता. मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट साखळीवरच चालत असे. आपल्याकडे घरोघरी हा टायमिंग बेल्ट पोहोचला तो डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मुळे.

परंतु साखळीचे जे जीवन, तेच पट्ट्याचे मरण. साखळी इंजिनाच्या पोटात तेलाने न्हात फिरते. बहुतेक मोटारींतील पट्टा मात्र बाहेर, आवरणाखाली, कोरडा फिरतो. त्याच्यावर तेल पडले की रबर फुगते, मऊ होते, दाते सुटतात. मग अनेक इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि भर रस्त्यात इंजिन निकामी होते.

फिरता दांडा बाहेर येऊ द्यावयाचा आणि तेल आत ठेवावयाचे, हा पेच जुना आहे. आपल्याकडे तेलतूप चामड्याच्या बुधल्यांतून नेत. जर्मनीतील वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कारखान्यानेही 1929 च्या मंदीनंतर चामड्याचीच तेलरोधक कडी बनविली. 1936 पासून तेथे कृत्रिम रबर वापरात आले. कारागीर ज्याला ऑइल सील म्हणतात, ते हेच. त्याची पातळ रबरी कड दांड्याला बिलगून असते आणि उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जाते.

म्हणूनच पट्टा बदलावयाचा असेल, तेव्हा त्यामागील क्रँकशाफ्टचे व कॅमशाफ्टचे सीलही पाहावे. दोन्ही जुनी झाली असतील, तर त्याच वेळी बदलावीत. तेवढ्यासाठी सारे पुन्हा उघडण्यात दुप्पट मजुरी जाते. जुने सील काढताना हत्याराने दांड्यावर ओरखडा उमटू देऊ नये. नव्याच्या कडेला इंजिनाचे स्वच्छ तेल लावून ते सरळ, चहूबाजूंनी सारखे बसवावे. इंजिनाची श्वासनळी तुंबली असेल, तर आतील दाब नवे सीलही गळू लावतो. तीही साफ करून घ्यावी. तेलाने भिजलेला पट्टा पुसून पुन्हा चढविणे ही काटकसर नव्हे. खुणा जुळवल्यावर इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवून त्या पुन्हा तपासाव्यात, मगच किल्ली फिरवावी.

यात केवळ आपल्याच इंजिनाचे हित आहे, असे नव्हे. 2014 साली नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणावे लागले, इतकी ही नदी क्षीण झाली होती. वाहनतळावर ठिबकलेले काळे तेल पहिल्या पावसाबरोबर तिच्याचकडे वाहत जाते. सायंकाळी रामघाटावर दिवे लागतात, त्या दिव्यांत तेल शोभते. आपल्या मोटारीचे तेल मात्र इंजिनातच राहिले पाहिजे. तेव्हा यात्रेला निघण्यापूर्वी पट्ट्याची चौकशी करताना त्यामागच्या त्या लहानशा कड्याचीही चौकशी करावी, एवढेच आज सुचवावयाचे आहे.