मधले बारा युरो कोणाचे?

गेल्या नाताळात पणजीतील एका स्नेह्यांच्या घरी भोजनास जाण्याचा योग आला. त्यांचे चिरंजीव ब्रुसेल्सला नोकरीस असतात. सुट्टीवर येताना त्यांनी पिवळ्या टोपणाची एक लहानशी बाटली आणली होती. वेस्टव्लेटेरेन नावाच्या खेड्यातील मठात साधू लोक ही बीअर स्वतः तयार करतात, आणि जगातील अत्यंत दुर्मिळ बीअरमध्ये तिची गणना होते, असे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले. ब्रुसेल्सच्या दुकानात त्यांना तिचे पंधरा युरो मोजावे लागले होते. प्रत्यक्ष मठाच्या दारात मात्र तीच बाटली तीनएक युरोंना मिळते. हे ऐकताच यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी माझ्याकडे वळून विचारले, "वकीलबाब, मग मधले बारा युरो कोणाचे हो?"

मंडळी हसली आणि मीही हसून वेळ मारून नेली. परंतु घरी परतल्यावर प्रश्न मनातून जाईना. न्यायशास्त्राच्या इतिहासात सुमारे दोन सहस्र वर्षे ज्या प्रश्नाचा खल चालला आहे, तोच हा प्रश्न होय. त्या माउलीने तो एका वाक्यात मांडला, इतकेच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, बीअर हे पेय मुळात चैनीचे नव्हते. युरोपातील सामान्य माणसाच्या जेवणात भाकरीच्या जोडीने तिचे स्थान होते, आणि म्हणूनच भाकरीप्रमाणे तिचा भावही राजा ठरवीत असे. इंग्लंडात तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १२६६-६७ च्या सुमारास, जो कायदा झाला त्याने बीअरचा दर धान्याच्या दराशी बांधून टाकला होता. बव्हेरियाच्या ड्यूकांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे काढलेले फर्मान तर जगप्रसिद्ध आहे. जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज बीअरमध्ये काही घालू नये, ह्या एका वाक्यासाठी आज ते ओळखले जाते. परंतु फर्मान काढून वाचले तर दिसते की, ते वाक्य पुढे येते. आरंभ होतो तो भावापासून. २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या सणापर्यंत एका मापास एक फेनिग, आणि उन्हाळ्यात फार तर दोन; ह्याहून अधिक घेणाऱ्यास शिक्षा. शुद्धता आणि रास्त भाव ह्या त्या काळी एकाच नाण्याच्या दोन बाजू मानल्या जात होत्या.

ही दृष्टी केवळ युरोपाची होती असे नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा आखून दिला आहे : अनुज्ञात खरेदी-किमतीवर स्वदेशी मालास शेकडा पाच, परदेशी मालास शेकडा दहा, त्यापलीकडे गेल्यास दंड. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्याने आपल्या महाग्रंथात ह्याच विषयाचे जे विवेचन केले आहे, ते माझ्या मते आजही अजोड आहे. तो म्हणतो की, वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने ते किमतीत धरावे. त्यात अन्याय नाही. परंतु त्या वस्तूची घेणाऱ्यास विशेष निकड आहे, एवढ्याच कारणासाठी विकणाऱ्याने किंमत वाढवू नये. कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणासही नसतो. घेणाऱ्याची तहान ही घेणाऱ्याचीच मालमत्ता होय! वृद्ध मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ह्या एका भेदाइतकी उपयुक्त कसोटी मला अन्यत्र आढळली नाही.

ही कसोटी घेऊन दुर्मिळ बीअरच्या इतिहासाकडे पाहिले असता त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिल्याचा संबंध थेट आपल्या देशाशी येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन नावाचा बीअरवाला होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच्याच गोदीतून सुटत. त्या जहाजांचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी त्याची बीअर उधारीवर घेत आणि कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील गोऱ्या अंमलदारांस विकीत. जहाजांचा ताफा लागला की भाव कोसळत आणि जहाजे लांबली की चढत. ह्यात कोणाची लबाडी नव्हती, समुद्राची लहर होती. परंतु पुढे १८२० च्या सुमारास ह्याच पेढीच्या वारसांनी कप्तानांची उधारी बंद केली, किंमत वाढविली आणि हिंदुस्थानचा व्यापार स्वतःच्या मुठीत घेण्याचा घाट घातला. प्रतिस्पर्ध्याचा माल येताच बाजारात स्वतःचा माल ओतून भाव पाडावयाचा, आणि तो हताश होऊन परतला की भाव पुन्हा चढवावयाचा, असा त्यांचा क्रम असे. अखेर चिडलेल्या कंपनीच्या एका संचालकाने १८२२ मध्ये बर्टनच्या ऑलसॉप ह्यास गाठले. बर्टनची बीअर हिंदुस्थानात येऊ लागली आणि हॉजसनची मक्तेदारी संपली. ही टंचाई निसर्गाने आणलेली नव्हती, बुद्धिपुरस्सर घडविलेली होती.

दुसरा प्रवाह अलीकडचा. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग ह्याने सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर ही डबघाईस आलेली भट्टी विकत घेतली, आणि १९७६ मध्ये जॅक मॅकॉलिफ ह्याने कॅलिफोर्नियात न्यू ॲल्बियन नावाची लहानशी भट्टी उभारली. तेथून पुढे कारागिरीच्या बीअरची जी चळवळ फोफावली, तिने एक गोष्ट प्रस्थापित केली : बीअरमध्येही वेळ, कौशल्य आणि धाडस ओतता येते, आणि त्याचे दाम मागता येते. लाकडी पिपात वर्ष-दोन वर्षे मुरविलेल्या बीअरचा काही अंश बाष्प होऊन उडून जातो. तळघराची जागा अडते, भांडवल अडकते, आणि एखादे पीप बिघडले तर सारेच ओतून द्यावे लागते. २००२ मध्ये प्रथम निघालेल्या 'यूटोपियाज' नामक अमेरिकन बीअरच्या एका बाटलीस अलीकडे दोनशे डॉलरांहून अधिक पडतात. परंतु तिच्या मिश्रणात अनेक वर्षे पिपात राहिलेला अंश असतो. ही किंमत जबर खरी, तथापि ती अक्वायनसच्या कसोटीस बव्हंशी उतरते, कारण तिच्यातील वेळ विकणाऱ्याचा स्वतःचा आहे.

परंतु ह्याच प्रवाहात गाळही पुष्कळ वाहून आला. २०१० मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने मेलेल्या खारी व तत्सम प्राण्यांच्या पेंढा भरलेल्या कातड्यांत बाटल्या बसवून डझनभर बाटल्यांची बीअर काढली आणि पाचशे ते सातशे पौंड किंमत लावली. त्याआधी २००७ मध्ये, उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या बेल्चरच्या मोहिमेसाठी १८५२ मध्ये तयार झालेल्या ऑलसॉपच्या बीअरची एक जुनी बाटली लिलावात निघाली. विकणाऱ्याने 'ऑलसॉप' ह्या नावातील एक अक्षर गाळल्यामुळे ती ३०४ डॉलरांत गेली. घेणाऱ्याने अक्षर दुरुस्त करून पुन्हा लिलाव मांडला, तो बोली ५,०३,३०० डॉलरांवर पोहोचली; आणि बोली लावणाऱ्याने पैसे दिलेच नाहीत! आम्हा वकिलांच्या दृष्टीने बोली म्हणजे किंमत नव्हे. जो आकडा वर्तमानपत्रांतून गाजला, तो कोणाच्याच खिशातून निघाला नव्हता.

आता त्या मठाकडे वळू. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात, हॉप्सच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पोपेरिंगे गावाजवळ, संत सिक्स्टसचा हा मठ १८३१ मध्ये स्थापन झाला. तेथील साधू ट्रॅपिस्ट पंथाचे. मौन, प्रार्थना आणि शरीरश्रम हे त्यांचे व्रत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेली नियमावली ते पाळतात. तिच्या सत्तावन्नाव्या प्रकरणात मठातील कारागिरांविषयी आज्ञा आहे की, मठाचा माल विकताना लोभाचा शिरकाव होऊ देऊ नये. संसारी लोक ज्या भावाने विकतात, त्याहून थोड्या कमी भावाने तो द्यावा. बाजारभावापेक्षा कमी घेणे हा जेथे धर्म आहे, तेथे ही बीअर १८३९ च्या सुमारास प्रथम उकळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मठाधिपतींनी एक निर्णय घेतला. व्यापार वाढत चालला, तर प्रार्थना मागे पडेल. म्हणून मठात मठापुरतीच बीअर करावी आणि मोठ्या प्रमाणावर विक्रीसाठी लागणारी बीअर करण्याचा परवाना शेजारच्या वाटू गावातील एका भट्टीस द्यावा. १९४६ मध्ये दिलेला हा परवाना १९९२ पर्यंत चालला. मठाचे स्वतःचे उत्पादन मात्र वर्षाकाठी सुमारे पाच हजार हेक्टोलिटरच्या आसपास स्थिर राहिले. हॉजसनच्या वारसांनी टंचाई निर्माण केली ती भाव वाढविण्यासाठी. साधूंनीही माल मर्यादित ठेवला, परंतु भाव वाढविला नाही. दोन्ही ठिकाणी टंचाई आहे. हेतू मात्र दोन टोकांचे आहेत.

जग मात्र हेतू पाहत नाही, टंचाई पाहते. २००५ मध्ये बीअरशौकिनांच्या एका मतदानात मठाची 'बारा' क्रमांकाची बीअर जगात सर्वोत्तम ठरली आणि मठाच्या फाटकाशी मोटारींच्या रांगा लागल्या. साठा संपला. दुसरा कोणी असता तर त्याने भट्टी दुप्पट केली असती किंवा भाव तिप्पट. साधूंनी दोन्ही केले नाही. त्यांनी आधी दूरध्वनीवरून नोंदणी करण्याची पद्धत कडक केली. मोटारीचा क्रमांक टिपून घ्यावयाचा, त्या क्रमांकास ठराविक काळात एकदाच माल द्यावयाचा, आणि पावतीवर छापावयाचे : पुन्हा विकू नये. २०१९ मध्ये दूरध्वनीची जागा संगणकावरील नोंदणीने घेतली. अट तीच राहिली. मठाच्या इमारतीचे काम निघाले, तेव्हा मात्र त्यांनी एकदाच हात सैल केला. २०११ मध्ये बेल्जियमच्या दुकानांतून आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सहा बाटल्या व दोन प्याले अशा पेट्या त्यांनी विकल्या. अमेरिकेत एका पेटीस सुमारे ८५ डॉलर पडत. काम भागताच दार पुन्हा लागले. पुढे २०१८ मध्ये नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने कोठून तरी ७,२०० बाटल्या मिळवून प्रत्येकी सुमारे दहा युरोंना विकल्या, तेव्हा मठाने उघड नापसंती व्यक्त केली. ह्यापलीकडे त्यांच्या हाती काय होते?

वकील म्हणून मला येथे थांबून विचार करावा लागतो. आपल्याकडील कायद्याची कसोटी लावली, तर साधूंचा दावा टिकेल काय? सतराव्या शतकात लॉर्ड कोकने लिहून ठेवले आहे की, घोडा विकून टाकल्यावर 'तू तो पुन्हा विकू नकोस' अशी अट घातली, तर ती व्यर्थ होय. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे दहावे कलम ह्याच विचारावर उभे आहे. साधूंचा वकील म्हणेल की, ही बंदी संपूर्ण नाही. घेणाऱ्याने बीअर प्यावी, मित्रास द्यावी, केवळ व्यापार करू नये. ठीक. परंतु दुकानदाराने मठास कसलेच वचन दिलेले नाही. ते दिले ते पहिल्या गिऱ्हाइकाने. आणि त्या गिऱ्हाइकावर दावा लावला, तर पहिला प्रश्न येईल नुकसानीचा. मठास आपले तीन युरो पुरेपूर पोहोचले आहेत, नुकसान शून्य! शिवाय १८७२ च्या करार कायद्याचे पंचविसावे कलम स्पष्टच सांगते की, संमती मोकळी असेल, तर केवळ मोबदला अपुरा म्हणून करार रद्द होत नाही. पंधरा युरो देणाऱ्याने ते राजीखुशीने दिले. दुकानदाराचे वकीलपत्र माझ्याकडे आले असते, तर खटला जिंकण्याविषयी मला फारशी शंका वाटली नसती.

दुकानदाराच्या बाजूने आणखीही एक रास्त मुद्दा आहे. मठाच्या दारातील भाव समतेचा दिसतो, परंतु तो ज्यास मोटार आहे, मोकळा दिवस आहे आणि जो त्या मुलखात राहतो, त्याच्यासाठीच. गोव्यातील माणसास मठाचा तीन युरोंचा भाव काय कामाचा? कोणी तरी बाटली ब्रुसेल्सपर्यंत आणली, जागा दिली, सांभाळली. त्या श्रमाचे तीन-चार युरो त्याने घेतले, तर कौटिल्यानेही डोळे वटारले असते, पण फार नव्हे.

उरतात ते आठ-नऊ युरो. ते धान्याचे नव्हेत, श्रमाचे नव्हेत, वाहतुकीचेही नव्हेत. ते कोणाचे? अक्वायनसचे उत्तर घ्यावयाचे तर ते घेणाऱ्याचेच आहेत. त्याच्या हव्यासाची किंमत त्याच्याकडूनच वसूल केलेली आहे. पण मला वाटते, त्यात आणखी एक वाटेकरी आहे. साधूंनी स्वस्त भावाच्या रूपाने प्रत्येक गिऱ्हाइकावर विश्वास टाकला होता. कोणी तरी पावतीवरचा तो शब्द मोडला, आणि मोडलेल्या शब्दाचेच हे पैसे झाले. मठाचे आर्थिक नुकसान शून्य आहे, हे खरे; परंतु अशा प्रत्येक बाटलीमागे फाटकाशी एक नवा नियम वाढतो, एक नवी नोंद वाढते, आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाकडेही संशयाने पाहावे लागते. हे नुकसान कोणत्याही न्यायालयाच्या हिशोबात बसत नाही.

आपल्या भाषेत 'भाव' हा शब्द दरासाठीही आहे आणि अंतःकरणातील वृत्तीसाठीही आहे. साधूंनी ते दोन अर्थ एकत्र ठेवण्याचा यत्न केला; बाजाराने ते वेगळे केले. बाजारास त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो आपणच असतो.

त्या रात्री ती बाटली सात जणांत वाटली गेली. गडद, गोडसर, किंचित कडवट अशी ती बीअर उत्तम होती, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. मातोश्रींनी ओठांस लावून प्याला खाली ठेवला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप त्यांना दिलेले नाही. येत्या भेटीत सांगेन की, कायद्याने ते बारा युरो दुकानदाराचेच. परंतु तुमच्या नातवाने पुढच्या खेपेस एक दिवस काढून त्या मठाच्या दारापर्यंत स्वतः जावे, आणि पावतीवर काय लिहिले आहे ते वाचूनच बाटली घ्यावी.