सोलापूर जिल्ह्यातील स्त्रीचळवळ

सोलापूर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रियांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या संस्था आणि लढे. पुण्या-मुंबईची स्त्रीचळवळ पुस्तके, मासिके आणि परिषदांतून वाढली. सोलापुरात तिला बळ आले ते मजुरीच्या आणि घराच्या मागणीतून. ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द इथल्या मोर्चांत फारसा गाजला नाही, आणि बहुधा त्यामुळेच या चळवळीच्या इतिहासात सोलापूरचे नाव क्वचितच घेतले जाते.

सुरुवात मात्र सोलापूर शहरात नाही, पंढरपुरात झाली. तीर्थक्षेत्री विधवांचा राबता मोठा; फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या बाईपुढे भ्रूणहत्या, बालहत्या किंवा जीव देणे एवढेच मार्ग उरत. १८७५ साली तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले आणि ते मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालवले. अशा बाईने इथे यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये असेच गृह काढले होते. पंढरपूरच्या संस्थेचे वैशिष्ट्य असे, की ती थेट विठोबाच्या दारात उभी राहिली. पुढे वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तारा​बाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची, म्हणजे या गृहानंतर सात वर्षांनी आलेली.

शिक्षणाचे काम शहरात झाले. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाची (१९०९) शाखा सोलापुरात निघाली आणि मुलींची शाळा म्हणून रुजली. जैन समाजातील विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा व्याप वाढवला. या संस्थांनी शिक्षिका घडवल्या, पण कामगार वस्तीतली बाई त्यांच्या कक्षेत फारशी आली नाही.

तिचा प्रश्न वेगळा होता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष मागावर बसे आणि बाई घरी विड्या वळे. पान आणि तंबाखू कारखान्यातून आणायचे, तेंदूपान भिजवून मऊ करायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू पसरून वळायचे, दोऱ्याने बांधून तोंड मुडपायचे. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. तयार माल कारखान्यात नेला की तपासणी होई आणि खराब ठरलेल्या विड्यांची मजुरी बुडे. स्वयंपाक आणि पोरे सांभाळून, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन केलेले हे काम. त्यामुळे ही ‘कामगार’ आहे हेच कबूल करून घ्यायला लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, विडी कामगार संघटनेला झगडावे लागले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला. कायदा कागदावरून दारापर्यंत आणण्याचे काम याच संघटनेने केले.

या संघटनेचे सर्वात परिचित नेते नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये आमदार झाले. त्यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. वसाहतीला नाव दिले ते गोदावरी ऊर्फ गोदूताई परुळेकर यांचे. वारली आदिवासींच्या उठावाच्या या नेत्या, ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या लेखिका. आणखी एका घरकुल वसाहतीला सोलापूरच्या कम्युनिस्ट नेत्या मीनाक्षीताई साने यांचे नाव आहे. पाटी बाईच्या नावाची, घर बाईच्या नावे, नेतृत्व मात्र बहुतांशी पुरुषांचे, हा या चळवळीतला विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

बाईने घरात केलेले काम ‘काम’ मानायचे की नाही, हा प्रश्न इटलीत वेगळ्या भाषेत मांडला गेला. १९७२ मध्ये पाडुआच्या मारियारोसा दाला कोस्ता यांनी सेल्मा जेम्स यांच्यासह, घरातल्या बिनमोल श्रमावर भांडवल कसे पोसले जाते हे दाखवले. त्यातून घरकामाच्या मजुरीची आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले: त्यांना ‘गृहिणी’ म्हटले, की त्यांची मजुरी पाडणे सोपे जाते. सोलापूरच्या विडीवालीला हे सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

धंदाच मुळात तंबाखूचा, त्यामुळे संघटनेची पंचाईत होते. तंबाखूच्या धुळीने छातीचे विकार जडतात, म्हणून विडी नको म्हणावे तर चूल विझते. २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी बसला तेव्हा विरोधात उतरलेल्यांत याच बायका होत्या. पर्यायी रोजगार शोधणाऱ्यांत चंद्रिका चौहान यांच्या उद्योगवर्धिनीचे नाव घ्यावे लागेल. शिवणकाम, भाकरी, चटणी अशा कामांतून तिने अनेक बायकांच्या हाती स्वतःचा पैसा दिला.

सत्तेच्या पायऱ्यांवरही फरक पडला. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत २०११ मध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण आले. २०१७ मध्ये शोभा बनशेट्टी आणि २०१९ मध्ये तेलुगूभाषक समाजातल्या श्रीकांचना यन्नम सोलापूरच्या महापौर झाल्या. घरांची मागणीही पुढे सरकली: कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. विडीची मजुरी आजही हजारामागेच ठरते.