जुने स्पीकर आणि त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर

माळ्यावरून उतरवलेले जुने स्पीकर पुन्हा वाजते करण्याची हौस अनेकांना असते. मात्र हाताशी येईल तो ॲम्प्लिफायर त्यांना जोडणे धोक्याचे ठरते; कारण एकदा जळलेले मूळ भाग आता सहजी मिळत नाहीत. म्हणून जोडणीपूर्वी संवेदनशीलता, विद्युत अवरोध आणि आपण ऐकतो ते संगीत या तीन बाबींचा विचार करावा.

एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर स्पीकर जेवढा आवाज देतो, ती त्याची संवेदनशीलता. ती डेसिबलमध्ये मोजतात. तेवढाच आवाज मिळवण्यासाठी ३ डेसिबल कमी असलेल्या स्पीकरला दुप्पट शक्ती लागते. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांचा १९४६चा ‘क्लिप्शहॉर्न’ सुमारे १०४ डेसिबल देतो, तर बीबीसीने १९७०च्या दशकात प्रक्षेपण-गाड्यांसाठी घडवलेला ‘एलएस ३/५ए’ सुमारे ८३. हा २१ डेसिबलचा फरक म्हणजे तब्बल १२८ पट शक्ती. पहिल्याला मोजक्या वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुरतो आणि त्यावर जॅझ, ट्रम्पेट खुलतात. दुसऱ्याला २५ ते ५० वॅट द्यावेत. मानवी आवाज हे त्याचे बलस्थान असल्याने लहान खोलीत भावगीते त्यावर उत्तम वाटतात.

इंग्लंडच्या पीटर वॉकर यांच्या १९५७च्या ‘क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक’मध्ये कागदी शंकूऐवजी प्लास्टिकचा पातळ पडदा कंप पावतो. १५ वॅटचा ‘क्वाड २’ हा त्याचा जुना सोबती. अतिशक्तिशाली ॲम्प्लिफायरमुळे आत ठिणगी पडून पडद्याला छिद्र पडू शकते. तानपुरा, ख्याल, सतार यांसाठी हा अप्रतिम. पण डग्ग्याचा खोल घुमारा त्यात उणा पडतो. तो हवा असल्यास एडगर व्हिल्चर यांचा बंद पेटीचा ‘एआर-३’ निवडावा. त्याचा अवरोध ४ ओहम असल्याने भरपूर विद्युतप्रवाह देणारा ॲम्प्लिफायर आवश्यक ठरतो.

दुर्बळ ॲम्प्लिफायर कमाल आवाजावर चालवणेही घातकच; विकृत झालेल्या ध्वनिलहरींनी ट्विटर जळतो.

किनारपट्टीवरील दमट हवेत शंकूभोवतीची फोमची कड लवकर भुसभुशीत होते. ती हलक्या हाताने तपासावी, फाटलेली असल्यास आधी बदलून घ्यावी आणि पहिल्या वेळी आवाज अगदी लहान ठेवूनच ऐकावे.