शिकागोच्या धर्मपरिषदेचे यजमान

शिकागोची सर्वधर्मपरिषद म्हटली कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत एकच मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते: अंगावर भगवी कफनी, मस्तकीं फेटा, आणि समोर टाळ्यांचा कडकडाट करणारा अमेरिकन समुदाय. तें योग्यच आहे. परंतु स्वामी विवेकानंद ज्या व्यासपीठावर उभे राहिले तें व्यासपीठ कोणी उभारलें, त्यावर कोणास बसवावें व कोणास बसवूं नये हें कोणी ठरविलें, याची विचारपूस फारशी होत नाहीं. लग्न लागल्यावर कौतुक वधूवरांचें होतें. मांडव घालणाऱ्यांची आठवण राहिलीच तर हिशेबाच्या वहींत. या मांडव घालणाऱ्यांची कथा मात्र वहींत ठेवण्याजोगी नाहीं. कारण त्यांच्या मनांत होतें एक, आणि त्यांच्याच मांडवाखालीं घडलें तें कांहींसें निराळें.

मूळ कल्पना निघाली ती कोणा धर्मगुरूच्या मठांतून नव्हे, तर एका वकिलाच्या कचेरींतून. चार्लस कॅरोल बॉनी यांचा जन्म १८३१ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला, आणि वकिलीचा व्यवसाय त्यांनीं शिकागो शहरीं केला. धर्मानें ते ख्रिस्ती, परंतु स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्ववेत्त्याच्या लहानशा पंथाचे अनुयायी. कोलंबसाच्या जलप्रवासास चारशें वर्षें झाल्याच्या निमित्तानें अमेरिकेंत एक प्रचंड प्रदर्शन भरविण्याचें घाटत होतें. यंत्रें, तोफा, विजेचे दिवे, धान्याच्या राशी, सर्व कांहीं तेथें मांडलें जाणार होतें. १८८९ सालीं बॉनी यांनीं एका मासिकांतून असें सुचविलें कीं, मनुष्यानें केलेल्या वस्तूंबरोबर मनुष्याचे विचारही एकत्र मांडावे. पुढच्याच वर्षीं त्यासाठीं एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालें व बॉनी त्याचे अध्यक्ष झाले. ‘वस्तु नव्हे, माणसें’ हें त्या मंडळाचें ब्रीद. १८९३ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत वैद्यक, कायदा, शिक्षण, संगीत, कामगारांचे प्रश्न अशा नाना विषयांवर दोनशेंहून अधिक परिषदा या मंडळानें भरविल्या. धर्मपरिषद ही त्यांपैकींच एक; आज जगाच्या स्मरणांत राहिली आहे ती मात्र बहुतेक तेवढीच.

बॉनी यांचा वकिली पिंड परिषदेच्या नियमांत स्वच्छ दिसतो. प्रत्येक धर्माचें म्हणणें त्या धर्माच्याच माणसानें मांडावें. दुसऱ्याच्या धर्मावर हल्ला करूं नये. निबंध वाचल्यावर वादविवाद होऊं नये. मतें घेऊन ठराव करूं नयेत. न्यायालयांत साक्षीदारांची साक्ष शांतपणें ऐकून घ्यावी, आणि न्यायाधीशाची खुर्ची मात्र रिकामी ठेवावी, असाच हा प्रकार होता. धर्मवादांत आयुष्य घालविलेल्या एखाद्या पंडितास हे नियम सुचले नसते. तें काम ज्याला भांडणाचें स्वरूप नित्य पाहावें लागतें अशा वकिलाचेंच.

प्रत्यक्ष भार पडला तो डॉ. जॉन हेन्री बॅरोज यांच्यावर. हे शिकागोच्या पहिल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या अध्यक्षतेखालीं सोळा जणांची समिति नेमण्यांत आली. त्यांत एक कॅथलिक आर्चबिशप, एक ज्यू रबी, आणि बाकीचे सर्व निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे. हिंदु, बौद्ध, मुसलमान यांपैकीं एकही नाहीं. पाहुणे जगभरचे, परंतु यजमान एकाच आळींतले, अशी ही व्यवस्था होती. समितीचे चिटणीस जेंकिन लॉइड जोन्स हे मूळचे वेल्स प्रांतांतले; तरुणपणीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत तोफखान्यांत लढलेले, आणि नंतर युनिटेरियन पंथाचे उपदेशक झालेले. आपल्या प्रार्थनासमाजाचा ज्या पंथाशीं स्नेह जडला, व ज्या पंथाच्या साहाय्यानें विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डला शिकावयास गेले, तोच हा पंथ. स्त्रियांची वेगळी समिति होती व तिच्या प्रमुख ऑगस्टा चेपिन या होत्या. स्त्री असून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेल्या त्या काळांतील मोजक्या बायकांपैकीं त्या एक. अशी परिषद पूर्वीं कधीं भरती तर तींत स्त्रीचा प्रवेश कोणी सहनच केला नसता, असें त्यांनीं उद्घाटनाच्या दिवशीं स्पष्ट बोलून दाखविलें.

१८९१ च्या जून महिन्यांत पहिलें निवेदन छापून तीन हजारांवर प्रती देशोदेशीं रवाना झाल्या. पुढील दोन वर्षांत या समितीनें दहा हजारांवर पत्रें व चाळीस हजारांच्या आसपास छापील कागद टपालांत टाकले. तारेचा खर्च परवडण्याजोगा नव्हता; शिकागोहून मुंबईस पत्र जाऊन त्याचें उत्तर येण्यास दोन महिने सहज लागत. लिहिणाऱ्यास समोरच्या माणसाचें नांव नीट ठाऊक नाहीं, त्याचा पंथ कोणता हें ठाऊक नाहीं, तो इंग्रजी जाणतो कीं नाहीं हेंही ठाऊक नाहीं, अशा स्थितींत हा पत्रव्यवहार चालला होता.

उत्तरें आलीं तीं सगळींच गोड नव्हतीं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं कळविलें कीं, ख्रिस्ती धर्म हाच एक धर्म होय. त्याला इतरांच्या पंक्तीस बसवावयाचें म्हणजे ते इतर त्याच्या बरोबरीचे आहेत असें आधींच मान्य केल्यासारखें होईल. तुर्कस्तानच्या सुलतानांनींही पाठिंबा नाकारला. हाँगकाँगहून एका मिशनऱ्यानें बॅरोज यांना लिहिलें कीं, तुम्ही खोट्या धर्मांशीं लाडीगोडी करीत आहां. सर्वांत झोंबणारा घाव घरचाच होता. बॅरोज यांच्या स्वतःच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या महासभेनें १८९२ सालीं पोर्टलंड येथें परिषदेविरुद्ध नापसंतीचा ठराव केला. बॅरोज यांनीं तो वाचला, आणि काम पुढें चालू ठेवलें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सर्व धर्म समान आहेत असें बॅरोज यांना कधींच वाटलें नाहीं. इतर धर्मांत जें अर्धवट आहे तें ख्रिस्ती धर्मांत पूर्ण झालें आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. इतर दिवे शेजारीं ठेवल्यानें आपला दिवा फिका पडण्याची भीति त्यांना नव्हती. तेव्हां आर्चबिशप आणि बॅरोज यांचें ध्येय फारसें निराळें नव्हतें. फरक एवढाच कीं, पाहुण्यास घरांत घेतलें म्हणजे त्याला पाट द्यावा लागतो, हें आर्चबिशपांनीं आधींच ओळखलें होतें. त्यांचें तर्कशास्त्र कठोर होतें, पण चुकीचें नव्हतें. बॅरोज यांचें औदार्य तर्कशुद्ध नव्हतें. आणि जगाचें काम बहुधा अशा औदार्यावरच चालतें.

हिंदुस्थानांतील निवड पाहिली म्हणजे त्यांच्या पत्त्यांच्या वहीचा आवांका कळतो. ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मजुमदार पूर्वींच अमेरिकेंत जाऊन आलेले, म्हणून ते सल्लागारांत आले. मुंबईहून समाजसुधारणेचा पक्ष मांडण्यास बळवंत भाऊ नगरकर गेले. जैनांचें आमंत्रण मुनि आत्मारामजी यांना आलें. परंतु जैन साधूस समुद्रगमन निषिद्ध, तेव्हां त्यांनीं मुंबईच्या जैन संस्थेचे चिटणीस वीरचंद राघवजी गांधी या तिशीच्या आंतल्या गृहस्थास तयार करून धाडलें. पारशी धर्मावर जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं मुंबईहून निबंध पाठविला. हे सर्व इंग्रजी जाणणारे, सभासंस्थांतले, टपालानें सांपडणारे लोक. पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन चालणाऱ्यास शिकागोचें पत्र येणें शक्यच नव्हतें.

आणि ज्यास कोणतेंच पत्र आलें नव्हतें तो संन्यासी ३१ मे १८९३ रोजीं मुंबई बंदरांतून निघाला. जवळ शिफारसपत्र नाहीं, कोणत्या संस्थेचें प्रतिनिधित्व नाहीं. शिकागोस पोंचल्यावर त्यांना कळलें कीं, अधिकारपत्रावांचून प्रवेश नाहीं, आणि नांवें देण्याची मुदतही टळली आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक राइट यांच्या पत्रामुळें हें दार उघडलें. बॅरोज व त्यांचे सहकारी यांना वाटतें तर नियमावर बोट ठेवून नकार देणें सोपें होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. दहा हजार पत्रांचा खटाटोप करणाऱ्यांच्या हातून सर्वांत मोठें काम झालें तें एक नियम बाजूस ठेवल्यानें!

११ सप्टेंबर १८९३ रोजीं सकाळीं दहा वाजतां, ज्या इमारतींत पुढें शिकागोचें कलामंदिर नांदलें त्या इमारतींत, जगांतील दहा धर्मांच्या नांवें घंटेचे दहा टोले पडले. बॉनी आणि तांबडी वस्त्रें ल्यालेले कार्डिनल गिबन्स हातांत हात घालून मिरवणुकीच्या अग्रभागीं आले. समोर सुमारें चार हजार लोक. त्यानंतर सतरा दिवस निबंधांमागून निबंध चालले.

शिस्त सर्वत्र टिकली असें नाहीं. बोस्टनचे जोसेफ कुक यांनीं ख्रिस्ती धर्मावांचून तरणोपाय नाहीं असें ठणकावून सांगितलें. इस्लामचा पक्ष मांडावयास मुख्यतः एक धर्मांतरित अमेरिकन, अलेक्झांडर रसेल वेब, होते. बहुपत्नीकत्वाविषयीं ते बोलूं लागतांच सभेंतून धिक्काराचे आवाज उठले. जपानचे हिराइ किंझो यांनीं ख्रिस्ती राष्ट्रांनीं आपल्या देशावर लादलेल्या विषम तहांचा पाढा वाचला, तेव्हां मात्र त्याच सभेनें टाळ्या दिल्या आणि आपल्याच राष्ट्रांच्या वर्तनाबद्दल ‘शरम, शरम’ असे उद्गार काढले. अशा प्रसंगीं नियम कोणी मोडला आणि कोणी पाळला, हें ठरविणें बॉनी यांनाही अवघड गेलें असावें.

जे आंत आलेच नाहींत त्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्मावर निबंध झाला, पण तो वाचला ॲलिस फ्लेचर या गोऱ्या विदुषीनें. शिखांचा प्रतिनिधि नव्हता. सर्वांत विलक्षण प्रकार मॉर्मन पंथाचा. हा पंथ अमेरिकेंतच जन्मलेला. त्याचे ब्रिगम रॉबर्ट्स मुख्य सभागृहांत बोलूं देण्याची मागणी घेऊन आले. बहुपत्नीकत्वाची चाल त्या पंथानें १८९० सालीं जाहीरपणें सोडली होती, तरी लोकांचा राग शमला नव्हता. बॅरोज यांनीं त्यांना बाजूच्या लहान दालनांत वाचण्यास सांगितलें. रॉबर्ट्स यांनीं तें नाकारलें, आणि निषेध करून ते निघून गेले. सातासमुद्रांपलीकडचा अपरिचित संन्यासी यजमानांना चालला. शेजारच्या संस्थानांतला नावडता भाऊ चालला नाहीं. परक्याविषयीं उदार होणें त्या मानानें सोपें असतें.

२७ सप्टेंबरला समारोप झाला. जोन्स यांनीं पुढची परिषद नव्या शतकाच्या आरंभीं काशीस गंगातीरीं भरावी अशी इच्छा प्रकट केली. बॅरोज यांनीं आपलें अखेरचें भाषण येशू ख्रिस्ताच्या नांवानें संपविलें. सतरा दिवस सर्वांचें ऐकून घेऊनही त्यांची श्रद्धा जागची हलली नव्हती, आणि ती लपविण्याची त्यांना गरजही वाटली नाहीं. शेवटची ख्रिस्ती प्रार्थना मात्र सांगितली ती समितीवरील ज्यू रबी हिर्श यांनीं.

या खटाटोपाचें मोल कित्येकांना चुकवावें लागलें. कॅथलिकांना परिषदेंत आणण्यासाठीं झटलेले बिशप कीन १८९६ सालीं वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या प्रमुखपदावरून दूर झाले. त्याच्या आदल्याच वर्षीं पोपांनीं अशा मिश्र परिषदांविषयीं नापसंती कळविली होती. बॅरोज १८९६–९७ च्या हिवाळ्यांत हिंदुस्थानांत आले. कॅरोलाइन हॅस्केल या बाईंनीं शिकागो विद्यापीठास दिलेल्या वीस हजार डॉलरांच्या देणगींतून त्यांची व्याख्यानें येथें ठरलीं होतीं. विषय अर्थातच ख्रिस्ती धर्माची विश्वव्यापकता. व्याख्यानांचा प्रभाव बेताचाच पडला, आणि परत गेल्यावर विवेकानंदांविषयीं त्यांनीं काढलेले उद्गार स्नेहाचे नव्हते. तरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ते येण्यापूर्वीं विवेकानंदांनीं लंडनहून आपल्या देशबांधवांस पत्र लिहून, या परदेशी पाहुण्याचा योग्य सत्कार करा, शिकागोंत त्यांनीं आमच्यासाठीं काय केलें तें ध्यानांत ठेवा, असें कळविलें होतें. बॅरोज १९०२ सालीं वारले, बॉनी त्याच्या पुढच्या वर्षीं, आणि जोन्स १९१८ सालीं.

काशीस परिषद भरली नाहीं. १९३३ सालीं केदारनाथ दासगुप्त हे बंगाली गृहस्थ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी चार्लस वेलर यांनीं शिकागोसच दुसरी मोठी परिषद भरविली, आणि तिच्या अध्यक्षपदीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते. चाळीस वर्षांपूर्वीं समितींत एकही हिंदु नव्हता, हें आठवलें म्हणजे मधला पल्ला ध्यानांत येतो. पुढें शताब्दीसाठीं १९८८ सालीं शिकागोंत नवें मंडळ स्थापन झालें. त्याच्या आरंभींच्या खटपटींत तेथील वेदान्त सोसायटीचे संन्यासी होते. १९९३ ची परिषद झाली, तेव्हां ज्यांची देवाविषयींची कल्पना आपणांस मान्य नाहीं अशांच्या पंक्तीस बसण्यास नकार देऊन पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी निघून गेली. म्हणजे कँटरबरीचा प्रश्न शंभर वर्षांनींही सुटलेला नव्हता. त्यानंतर केप टाउन, बार्सिलोना, मेलबर्न अशा परिषदा होत गेल्या. २०१५ च्या ऑक्टोबरांत ती भरली सॉल्ट लेक सिटी येथें, म्हणजे मॉर्मनांच्या मुख्य शहरीं. जवळजवळ दहा हजार माणसें जमलीं होतीं. निरनिराळ्या धर्मांच्या भक्तिसंगीताची रात्र ज्या जुन्या घुमटाकार मंदिरांत झाली, तें रॉबर्ट्स यांच्याच पंथाचें होतें.