छातीवरचा पक्षी

चिनी राजवस्त्रांवरील रेशमी भरतकामाचा विषय निघाला की बादशहाचा ड्रॅगनच प्रथम आठवतो. प्रस्तुत लेखकास मात्र अधिक कुतूहल वाटते ते अधिकाऱ्यांच्या छातीवरील भरजरी चौकोनाचे. सरकारी नोकरीत जन्म गेल्याचा हा परिणाम असावा.

मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू बादशहा याने १३९१ मध्ये नियम घातला की, मुलकी अधिकाऱ्याच्या वस्त्रावर पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्याच्या वस्त्रावर पशू असावा. पुढे चिंग राजवटीने १६५२ मध्ये ही पद्धत आपल्या मंचू पोशाखावर चालू केली. मुलकी दर्जे नऊ आणि पक्षीही नऊ. पहिल्यास क्रौंच, तिसऱ्यास मोर, सहाव्यास बगळा, आठव्यास बिचारा लावा. इतर अधिकाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकांना मात्र पक्षी नव्हता. अपराध्यास ओळखून शिंगाने भोसकणारा एक काल्पनिक पशू त्यांच्या छातीवर असे.

पक्षी लाटांतून वर आलेल्या खडकावर उभा असतो आणि त्याची नजर कोपऱ्यातील लाल सूर्याकडे, म्हणजे बादशहाकडे, लागलेली असते. अधिकाऱ्याची पत्नीही त्याच दर्जाचा चौकोन लावी. तिचा पक्षी उलट दिशेस पाही, म्हणजे दांपत्य शेजारी बसले की दोन्ही पक्षी समोरासमोर येत. पिसांसाठी रेशमाचा धागा उकलून केसासारखा बारीक करीत. सोनेरी धागा म्हणजे सोन्याचा वर्ख दिलेल्या कागदाची पट्टी रेशमावर गुंडाळलेली. तो कापडातून ओवला तर वर्ख खरवडून जाई. म्हणून तो वर पसरून बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधीत.

हा चौकोन सरकारातून मिळत नसे. ज्याचा त्याने स्वखर्चाने करवून घ्यायचा. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः ताइपिंग बंडाने (१८५०–१८६४) खजिना रिता झाल्यावर, पदांची विक्री फार वाढली. शतकाच्या उत्तरार्धातील कित्येक चौकोनांत लाटा, ढग, सूर्य सारे आधीच भरून तयार असे आणि पक्षी वेगळा भरून वरून टाचलेला असे. दर्जा वाढला की जुना पक्षी उसवायचा आणि नवा टाचायचा. बढतीनंतर आम्हीही दारावरच्या पाटीवरील नाव तसेच ठेवून खालचा हुद्दा तेवढा रंगवून घेत असू. पण तो विकत घेतलेला नसे, एवढे समाधान.

१९१२ मध्ये बादशाही संपली. अधिकाऱ्यांचे पोशाख बाजारात आले आणि चौकोन कापून परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे शिवले गेले. त्यावर क्रौंच आहे की लावा, याची चौकशी करणारे आता कोणी उरले नव्हते.