रोव्हर्स चषकाची कुळकथा

हैदराबादहून मुंबईला येणारा लोहमार्ग वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड असा येतो. भारतीय फुटबॉलमधली एक मोठी सद्दी याच मार्गाच्या दोन टोकांवर घडली. एका टोकाला हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ, दुसऱ्या टोकाला मुंबईतला रोव्हर्स चषक.

चषक सुरुवातीला होता गोऱ्या पलटणींचा. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड स्पर्धा सुरू झाली. तीन वर्षांनी मुंबईतल्या फुटबॉलवेड्यांनी रोव्हर्स भरवली. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटला मिळाला. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम फेरीत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीनं त्याला ४-१ असं हरवलं. कोंडी फुटली ती १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या विजयानं. चषक प्रथमच भारतीय संघाकडे आला.

मग आले हैदराबादचे पोलिस. १९५० ते १९५४, सलग पाच विजेतेपदं! त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. चेंडू फार वेळ पायाशी न ठेवता झटपट पास द्यायचा, ही त्यांची शिकवण. दोन्ही पाय सारखे चालावेत म्हणून ते फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धाही भरवत. त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळवलं. तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. एवढं मोठं यश आपल्या आठवणीतून निसटावं, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

१९६३ मध्ये रहीम कर्करोगानं गेले. आंध्र पोलिस या नव्या नावानं संघानं त्या हंगामात रोव्हर्स जिंकली. त्यानंतर कधीच नाही.

असा मागं पडलेला संघ पुन्हा वर येऊ शकतो, पण त्याला वाट हवी. जर्मनीत कैसरस्लॉटर्न हा क्लब १९९६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षभरात परतला आणि १९९८ मध्ये थेट अव्वल श्रेणीची बुंडेसलिगा जिंकला. घसरलेल्या क्लबाला वर यायची वाट तिथं व्यवस्थेनंच राखलेली असते. आपल्याकडे मात्र हैदराबाद पोलिसांच्या काळात राष्ट्रीय लीगच नव्हती, मग अशी वाट कुठली? ती १९९६ मध्ये आली आणि क्लबांचं वेळापत्रक तिच्याभोवती बांधलं जाऊ लागलं. जुन्या स्पर्धांना तारखा मिळेनात. २०००-०१ मध्ये मोहन बागाननं जिंकलेली रोव्हर्स शेवटची ठरली. ड्युरँड मात्र लष्कराच्या पाठबळावर आजही खेळवली जाते.