पेटंटमधील शोधक पाऊल : आघातशोषक साधने

ज्ञात गोष्टींवरून त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणार नाही, अशी तांत्रिक प्रगती म्हणजे शोधक पाऊल. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम २(१)(जेए) मध्ये त्याची व्याख्या आहे. आर्थिक महत्त्वाचाही विचार होतो, पण तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्रातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो.

भाजे-विसापूरच्या बेसॉल्ट कड्यांवर चढणाऱ्याचे हेल्मेट घ्या. आतला थर्मोकोलसारखा फेस चिरडला जातो, थांबण्याचे अंतर वाढते आणि डोक्यावरचा जोर घटतो. हे तत्त्व जुने आहे. केवळ फेसाची जाडी वाढवणे हा शोध नव्हे. मात्र वेगवेगळ्या घनतेच्या थरांच्या एखाद्या रचनेने तिरक्या आघातातली डोक्याची गिरकी अनपेक्षितपणे कमी झाली, आणि पूर्वीच्या माहितीतून तशी दिशा मिळत नसेल, तर दावा टिकू शकतो. खरी कसोटी इथेच लागते, कारण उत्तर समोर आल्यावर प्रत्येक शोध सोपा वाटतो. म्हणून परीक्षकाने अर्जाच्या तारखेआधीच्या जाणकाराच्या जागी उभे राहणे अत्यावश्यक आहे.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज (१९७८) या भांडी घडवण्याच्या यंत्राविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यातील साधी सुधारणा पेटंटला अपुरी ठरवली. अमेरिकेतील ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर (१९६६) हा खटला तर खडकाळ जमिनीत नांगराला बसणाऱ्या धक्क्यांचाच होता. भागांची अदलाबदल तिथे सहज सुचणारी ठरली.